चर्चेतल्या नावांची नोंदवही

८ डिसेंबर २००८ रोजी मुदखेडचे आमदार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्याआधीच्या दोन आठवड्यांत घटना फार वेगाने घडल्या. २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. ३० तारखेला केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर यांनी राजीनामा दिला. १ डिसेंबरला गृहखातं सांभाळणारे उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील गेले आणि पाठोपाठ विलासराव देशमुखांचं मुख्यमंत्रिपद गेलं. लातूर जिल्ह्यातले दोन मोठे नेते एकाच आठवड्यात पायउतार झाले आणि शेजारच्या नांदेडचे अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. तोवर नारायण राणे, सुशीलकुमार शिंदे अशी नावं वाहिन्यांवर फिरत होती. निवड जाहीर झाल्यावर राणे यांनी पक्षश्रेष्ठींवर उघड तोफ डागली आणि काँग्रेसने त्यांना निलंबित केलं.

त्या संध्याकाळी मुदखेडच्या तालुका वार्ताहराला नांदेडहून जिल्हा कार्यालयाचा फोन आला. मागणी ठरलेली होती : जल्लोषाचा फोटो, पेढे वाटणारे कार्यकर्ते आणि 'मुदखेडकरांना काय वाटतं' यावर दोन कॉलम. त्यांनी फोटो पाठवला, कॉलमही पाठवले. पण त्यांच्या मजकुरात एक वेगळा परिच्छेद होता. १९९९ पासून या मतदारसंघाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या आमदाराने कोणकोणती खाती सांभाळली, तालुक्यातली कोणती कामं मंजूर झाली, त्यांपैकी कोणती पुरी झाली आणि कोणती फाइलीत राहिली, याचा तो हिशेब होता. छापताना तो परिच्छेद निम्मा झाला. तरी गावात त्या निम्म्या परिच्छेदाबद्दलच अधिक विचारणा झाली.

हे वार्ताहर गेली अनेक वर्षं मुदखेडमध्ये राहून बातमीदारी करतात. त्यांचं नाव मोठं नाही आणि तालुक्याबाहेर त्यांना कोणी ओळखत नाही. मात्र कोणाचं नाव कोणत्या पदासाठी केव्हा चर्चेत आलं आणि पुढे त्याचं काय झालं, हे त्यांच्याइतकं नेटाने पाहणारी माणसं कमी. नवख्या नेत्याला मोठ्या पदाचा दावेदार ठरवण्याची घाई आपल्याकडे फार आहे. त्या घाईकडे कसं बघावं, हे त्यांच्या कामातून शिकता येतं.

मुदखेड हे नांदेडच्या पूर्वेचं रेल्वे जंक्शन. इथून एक मार्ग निजामाबादकडे जातो, दुसरा किनवटवरून आदिलाबादला. आजूबाजूच्या शिवारात गुलाब, मोगरा, काकडा आणि झेंडू पिकतो. केंद्रीय राखीव पोलीस दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र इथे आहे. असं हे छोटं गाव, पण राजकारणाच्या नकाशावर त्याचं वजन मोठं. २००८ मध्ये या मतदारसंघाने राज्याला मुख्यमंत्री दिला आणि पुढच्याच वर्षी मतदारसंघांच्या पुनर्रचनेत 'मुदखेड' हा विधानसभा मतदारसंघच नकाशावरून गेला. आता हा तालुका अर्धापूरसह भोकर मतदारसंघात येतो.

पूर्वी बातमीचं पाकीट नांदेडला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे किंवा रेल्वेतल्या ओळखीच्या प्रवाशाकडे द्यावं लागे. मग फॅक्स आला, मग ईमेल, आता व्हॉट्सॲप. साधनं बदलली, तालुका वार्ताहराचं आर्थिक गणित मात्र फारसं बदललं नाही. बहुतेकांना ठरावीक पगार नसतो. किरकोळ मानधन आणि जाहिरातीवरचं कमिशन हीच कमाई. जाहिराती मिळतात नेत्यांच्या वाढदिवसाला, निवडीच्या अभिनंदनाला आणि सणासुदीच्या शुभेच्छांना. त्या देतात बाजार समितीचे संचालक, पंचायत समितीचे सदस्य, गुत्तेदार आणि संस्थाचालक. याच जाहिरातींच्या पुरवणीत नेत्याच्या भवितव्याबद्दलचा पहिला लेख येतो. मोठ्या पदाच्या चर्चेची सुरुवात मुंबईत किंवा दिल्लीत होते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती बरेचदा तालुक्याच्या पुरवणीत होते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एक शब्द चढवला जातो. त्या फ्लेक्सचा फोटो छापून येतो, फोटोवर वाहिनीची बातमी होते आणि बातमीवर विरोधकांची प्रतिक्रिया घेतली जाते. आठवडाभरात 'राजकीय वर्तुळात चर्चा' हे वाक्य कोणत्याही नावापुढे शोभू लागतं.

वार्ताहराकडे असा मजकूर घेऊन येणारे कार्यकर्ते वाईट हेतूने येत नाहीत. त्यांना आपल्या नेत्याबद्दल खरोखर आदर असतो. "एवढं नाव चालवा बगा, वर दिसलं पाहिजे," असं ते म्हणतात. वर म्हणजे मुंबईला, पक्षाच्या कार्यालयात. तिकीटवाटप, मंत्रिमंडळाचा विस्तार, महामंडळाच्या नेमणुका जवळ आल्या की अशी नावं चालतात. नाव मुख्यमंत्रिपदासाठी चालवायचं आणि त्यातून राज्यमंत्रिपद पदरात पाडून घ्यायचं, ही रीत जुनी आहे. त्यामुळे अशी चर्चा समोर आली की हे वार्ताहर आधी एकच पाहतात : हे नाव आत्ताच का आलं?

मुदखेड परिसरात ही चर्चा इतकी सहज का रुजते, त्यालाही इतिहास आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण १९७५ ते १९७७ आणि पुन्हा १९८६ ते १९८८ या काळात मुख्यमंत्री होते. निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५ मध्ये आले आणि मुलीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणामुळे वर्षाच्या आत गेले. बाभळगावचे विलासराव देशमुख १९९९ ते २००३ आणि २००४ ते २००८ असे दोन वेळा मुख्यमंत्री राहिले. त्यांच्यानंतर अशोक चव्हाण. २०१० नंतर मराठवाड्याला मुख्यमंत्रिपद मिळालेलं नाही. ज्या भागाने आपल्या चार नेत्यांना हा मान मिळालेला पाहिला आणि नंतर इतकी वर्षं वाट पाहिली, त्या भागात प्रत्येक तरुण चेहऱ्यात पुढचा मुख्यमंत्री दिसणं साहजिक आहे. त्यामागे निव्वळ खुशामत नाही. पाणी, रेल्वे, उद्योग यांबाबत मागे राहिल्याची जुनी बोच त्यात आहे.

पण या चौघांचा प्रवास पाहिला तर वेगळंच चित्र दिसतं. शंकररावांनी नांदेडचं नगराध्यक्षपद सांभाळलं, मग उपमंत्री झाले, वर्षानुवर्षं पाटबंधारे खातं चालवलं. जायकवाडी प्रकल्पाशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. अधिकाऱ्यांना बारकाईने जाब विचारणारा मंत्री म्हणून त्यांना 'हेडमास्तर' म्हणत. मुख्यमंत्रिपद त्यांना या सगळ्यानंतर मिळालं. विलासराव बाभळगावचे सरपंच होते, पुढे पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत गेले, १९८० मध्ये आमदार झाले. १९९५ मध्ये लातूरकरांनी त्यांना घरी बसवलं. त्या पराभवानंतर चार वर्षांनी ते मोठ्या मताधिक्याने परतले आणि थेट मुख्यमंत्री झाले.

अशोक चव्हाणांची वाट आणखी वेगळी. १९८७ मध्ये नांदेडच्या लोकसभा पोटनिवडणुकीत प्रकाश आंबेडकरांना हरवून ते संसदेत गेले. तेव्हा वयाची तिशीही उलटली नव्हती आणि वडील शंकरराव राज्याचे मुख्यमंत्री होते. अशा वेळी एखाद्याने त्यांना भावी मुख्यमंत्री म्हटलं असतं तर कोणाला नवल वाटलं नसतं. पण दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काब्दे यांनी त्यांचा पराभव केला. पुढे विधान परिषद, राज्यमंत्रिपद, १९९९ मध्ये मुदखेडची आमदारकी, महसूल आणि उद्योगासारखी खाती असा टप्प्याटप्प्याने प्रवास करत ते २००८ ला पोहोचले. पहिल्या विजयापासून मुख्यमंत्रिपदापर्यंत २१ वर्षं लागली. १९८७ मध्ये वर्तवलेला अंदाज अखेर खरा ठरला असता. पण १९८९ मध्ये तोच अंदाज साफ फसलेला दिसला असता.

नवख्या नेत्याबद्दलचा अंदाज खरा ठरेल की खोटा, हे त्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून हे वार्ताहर अंदाजाऐवजी नोंदी ठेवतात. त्यांच्याकडे एक जाड वही आहे. तालुक्याशी संबंध असलेल्या प्रत्येक लोकप्रतिनिधीसाठी तिच्यात काही पानं राखलेली आहेत. पानावर रकाने आहेत : घोषणा, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, काम पूर्ण. कोणत्या गावचा रस्ता, कोणता पूल, कोणत्या शाळेच्या खोल्या, हे एकेका ओळीत. तारखा शक्य तिथे सरकारी कागदावरून घेतलेल्या. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला आणि २००५ मध्ये देशाचा कायदा आला, तेव्हापासून हे काम सोपं झालं. त्याआधी बांधकाम खात्याच्या उपविभागात, तहसीलमध्ये, पंचायत समितीत टेबलाटेबलावर उभं राहून माहिती काढावी लागे. पुढे विधानसभेतले तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचनाही ते उतरवून घेऊ लागले. आमदार सभागृहात काय बोलला हे मतदारसंघात फार थोड्यांना कळतं, आणि नवख्या आमदाराची ओळख तर तिथेच सर्वांत आधी पटते.

या वहीचा उपयोग २००८ मध्ये झाला, तसाच त्याच्या एक वर्ष आधीही झाला होता. २००७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी शिवराज पाटील चाकूरकरांचं नाव जोरात होतं. लातूर-नांदेडच्या दैनिकांनी त्याला मोठी जागा दिली आणि त्याला आधारही होता. लातूरचं नगराध्यक्षपद, विधानसभा, १९८० पासून सलग सात वेळा लोकसभा, १९९१ ते १९९६ लोकसभेचं अध्यक्षपद आणि त्या वेळी गृहमंत्रिपद. अनुभव म्हणाल तर भरपूर. तरीही डाव्या पक्षांच्या विरोधामुळे ते नाव मागे पडलं. १४ जून रोजी राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभाताई पाटील यांचं नाव जाहीर झालं. त्यांची चर्चा त्याआधी कुठेच नव्हती. २५ जुलै २००७ रोजी त्यांनी शपथ घेतली. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती महाराष्ट्रातून गेल्या, पण राज्यातल्या कोणत्याही फ्लेक्सने आणि कोणत्याही पुरवणीने ते आधी सांगितलेलं नव्हतं. मुदखेडच्या वार्ताहराने त्या काळातली कात्रणं जपून ठेवली आहेत. शिवराज पाटलांच्या नावाच्या कात्रणांची गड्डी जाड आहे. प्रतिभाताईंची निवडीआधीची कात्रणं नाहीतच.

त्याच सुमारास साऱ्या जगाचं लक्ष अशाच एका चर्चेकडे लागलं होतं. बराक ओबामा जुलै २००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या बोस्टन अधिवेशनात बोलले तेव्हा ते इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य होते. त्या एका भाषणानंतर त्यांना भावी राष्ट्राध्यक्ष म्हटलं जाऊ लागलं. नोव्हेंबरमध्ये ते सिनेटवर निवडून आले आणि लगेच पत्रकारांनी २००८ चा प्रश्न विचारला. त्यांनी नकार दिला. ऑक्टोबर २००६ मध्ये ते विचार करत असल्याचं म्हणाले, फेब्रुवारी २००७ मध्ये स्प्रिंगफील्डला उमेदवारी जाहीर केली आणि ४ नोव्हेंबर २००८ रोजी निवडून आले. मुदखेडचे आमदार मुख्यमंत्री होण्याच्या सुमारे महिनाभर आधीची ही गोष्ट. नवख्या माणसाबद्दल फार लवकर वर्तवलेला अंदाज खरा ठरतो, याचं ते अलीकडचं सर्वांत मोठं उदाहरण. मात्र ते देताना दोन गोष्टी सांगायला हव्यात. राज्याच्या विधिमंडळात त्यांनी आठ वर्षं काढली होती आणि २००० मध्ये प्रतिनिधीगृहाच्या उमेदवारीसाठी बॉबी रश यांच्याकडून ते हरले होते. तसंच, तिथल्या प्राथमिक निवडणुकांच्या पद्धतीत उमेदवाराला महिनोन्‌महिने राज्याराज्यांत उघड लढावं लागतं. चर्चेतल्या नावाला तिथे मतदारांपुढे अनेकदा कसोटीला लागावं लागतं. आपल्याकडे मुख्यमंत्रिपदाच्या नावाचा निर्णय बहुतेक वेळा बंद खोलीत, पक्षश्रेष्ठींच्या पातळीवर होतो. २००८ मध्येही तो तसाच झाला. म्हणून आपल्याकडची चर्चा मतदारांसाठी कमी आणि श्रेष्ठींसाठी जास्त असते.

आपल्या राज्यातही कमी अनुभवाची माणसं या पदावर आली. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले, पण त्याआधी त्यांनी मंत्रिपद सांभाळलं होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये देवेंद्र फडणवीस आले तेव्हा त्यांनी एक दिवसही मंत्रिपद भोगलेलं नव्हतं. मात्र नागपूरचं महापौरपद आणि १९९९ पासूनची आमदारकी त्यांच्या गाठीशी होती. २०१९ मध्ये उद्धव ठाकरे निवडणूक न लढवता मुख्यमंत्री झाले. कोण नवखा आणि कोण जाणता, हे पदांची यादी पाहून ठरत नाही. वार्ताहराच्या वहीत त्यासाठी वेगळं पान आहे. माणूस कधी हरला का, हरल्यावर काय केलं, आणि पहिलं स्वतंत्र खातं किंवा पहिली संस्था कशी चालवली, हे त्या पानावर लिहिलं जातं.

या कामातली सर्वांत कठीण वेळ आली ती २००९ च्या विधानसभा निवडणुकीत. अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते आणि मुदखेड त्यात आलं होतं. निवडणुकीच्या दिवसांत वेगवेगळ्या दैनिकांत मुख्यमंत्र्यांच्या कामगिरीचं कौतुक करणारे लेख आणि 'अशोकपर्व' नावाच्या पुरवण्या आल्या. काही मजकूर प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांत शब्दशः सारखा होता. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून ते प्रकरण देशापुढे आणलं. उमेदवाराने निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये दाखवले होते, ही बाब त्यातून चर्चेत आली. प्रकरण निवडणूक आयोगाकडे आणि न्यायालयात गेलं. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा हिशेबाची चौकशी करण्याचा आयोगाचा अधिकार मान्य केला. जुलैमध्ये आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध निर्णय दिला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. चव्हाण यांनी आरोप सातत्याने नाकारले होते. त्याआधीच, २०१० मध्ये, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने, परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, देशभरच्या विकत छापलेल्या बातम्यांवर सविस्तर अहवाल तयार केला.

कायद्याचा निकाल काहीही असो, तालुक्यात त्या प्रकरणाचा परिणाम फार खोल झाला. वाचक वार्ताहराला सरळ विचारू लागले, "ही बातमी हाय का जाहिरात?" हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला. तेव्हापासून नेत्याच्या भवितव्याबद्दलचा कोणताही मजकूर पाठवताना ते त्याखाली एक ओळ जोडतात : ही चर्चा कोणाकडून आली. कार्यकर्त्यांच्या बैठकीतून, नेत्याच्या भाषणातून, की दिलेल्या मजकुरातून. संपादक ती ओळ कापतात किंवा ठेवतात. ते पाठवत राहतात. आता मजकूर घेऊन येणाऱ्यांनाही सवय झाली आहे, आणि बरेच जण स्वतःच सांगतात की हे अमुक जणांचं मत आहे.

मराठवाड्याने अशा चर्चेचं ओझं सर्वांत जास्त कोणाच्या खांद्यावर टाकलं असेल तर ते पंकजा मुंडे यांच्या. २००९ मध्ये त्या परळीतून पहिल्यांदा आमदार झाल्या. जून २०१४ मध्ये वडील गोपीनाथराव मुंडे यांचं अपघाती निधन झालं. त्याच वर्षी त्या मंत्री झाल्या आणि 'जनतेच्या मनातल्या मुख्यमंत्री' हे शब्द त्यांच्या नावाला चिकटले. मंत्रिपदाचा पहिलाच अनुभव, त्यात वडिलांच्या जाण्याचं दुःख आणि वर ही अपेक्षा. त्यांच्या खात्याच्या प्रत्येक निर्णयाकडे, प्रत्येक वादाकडे मुख्यमंत्रिपदाच्या चष्म्यातून पाहिलं गेलं. २०१६ च्या फेरबदलात जलसंधारण खातं गेलं, २०१९ मध्ये परळीत तीस हजारांहून अधिक मतांनी पराभव झाला, २०२४ मध्ये बीड लोकसभेची जागा साडेसहा हजार मतांनी गेली. मग त्या विधान परिषदेत आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा मंत्री झाल्या. गुडघ्याला बाशिंग बांधण्याची घाई समर्थकांनी केली, त्याची झळ मात्र नेत्याला बसली. जलसंधारणाच्या कामात त्यांनी काय केलं, याची शांतपणे नोंद घेणारी बातमी त्या वर्षांत फार थोड्या ठिकाणी दिसली. ज्या भागाला पाण्याचा प्रश्न सर्वांत जास्त छळतो, त्या भागाचं हे नुकसान आहे.

आता मुदखेडसमोर नवं नाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये राहुल गांधींची भारत जोडो यात्रा देगलूरमार्गे महाराष्ट्रात आली. तेव्हा अशोक चव्हाण यांच्या कन्या श्रीजया तीत चालल्या आणि नांदेड जिल्ह्यात 'भावी आमदार' असे फलक लागले. सव्वा वर्षाने चव्हाण भाजपमध्ये गेले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये श्रीजया भाजपच्या उमेदवार म्हणून भोकरमधून ५० हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या. फलकावरचा शब्द खरा ठरला, पण पक्ष बदलून. त्याच दिवशी नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक होती. ती काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांनी १,४५७ मतांनी जिंकली, आणि या लोकसभा क्षेत्रातले सगळे विधानसभा मतदारसंघ मात्र महायुतीकडे गेले. एकाच रांगेत उभ्या असलेल्या मतदारांनी दोन यंत्रांवर वेगवेगळा कौल दिला. हे मतदार कोणाच्या भवितव्याबद्दल किती विचार करून मत देतात, हे यातून दिसतं.

पहिल्यांदा निवडून आलेल्या, माजी मुख्यमंत्र्यांच्या घराण्यातल्या तरुण आमदाराबद्दल 'पुढे काय' हा प्रश्न येणारच. वार्ताहराने वहीत त्यांच्यासाठी नवी पानं उघडली आहेत. घराण्याचं नाव त्यांच्या बाजूनेही धरायचं नाही आणि विरुद्धही धरायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आहे. सभागृहातले प्रश्न, मतदारसंघातली कामं, तालुक्याच्या आढावा बैठकींना हजेरी, हेच रकाने. एका गुलाब पिकवणाऱ्या शेतकऱ्याने त्यांना सांगितलं होतं, "कोण मंत्री व्हतंय, कोण मुख्यमंत्री व्हतंय, ते लिवा तुमी. पण आमचं फूल नांदेडातच दराला जाणार का हैदराबादलाच न्यावं लागणार, तेबी लिवा." फुलांच्या बाजाराचा, शीतगृहाचा हा प्रश्न त्यांनी नव्या पानावर पहिल्या ओळीत लिहिला आहे.

असं काम करणारे वार्ताहर आज प्रत्येक तालुक्यात नाहीत. जिथे आहेत तिथे जाहिरातीच्या कमिशनवर जगून ते हे काम करतात, म्हणून ते टिकणं कठीण आहे. वृत्तपत्रांनी तालुका वार्ताहरांना पुरवणीच्या उत्पन्नाशी न बांधता नियमित मानधन द्यायला हवं, आणि लोकप्रतिनिधीच्या कामाचा वार्षिक ताळेबंद वाढदिवसाच्या पुरवणीइतक्याच जागेत छापायला हवा. वाचकांचाही यात वाटा आहे. तुमच्या गावात एखाद्या नव्या नेत्याचं नाव मोठ्या पदासाठी झळकलं तर आनंद जरूर माना. पण त्याच आठवड्यात बातमीदाराला गाठा आणि विचारा की हे नाव कोणी आणि आत्ताच का चालवलं, आणि गेल्या वर्षभरात या माणसाने आपल्या तालुक्यातलं कोणतं काम पुरं केलं. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.